हात रिकामा करण्याचा खेळ

(मंडळाच्या वर्धापनदिनी कोहमारा येथे केलेले भाषण)



आजच्या दिवशी बोलण्याचा मान चिटणीसबाईंनी मला दिला, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. सभेत उभे राहून बोलण्याची सवय नाही. तेव्हा मोठ्या विषयाच्या वाटेला न जाता, जो विषय घरबसल्या मला पुरता ठाऊक आहे त्यावरच चार शब्द बोलावे असे ठरविले. विषय ऐकून काहीजणींच्या भुवया वर जातील. माझा विषय आहे पत्त्यांचा.

मागल्या महिन्याच्या बैठकीत, दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मंडळाच्या जागेत घरगुती खेळांचा कार्यक्रम ठेवावा असे निघाले होते. सापशिडीला सर्वांचा होकार मिळाला, कॅरमलाही मिळाला. मी पत्त्यांचे नाव काढले मात्र, दोघी-तिघी वडील बाया म्हणाल्या, "मंडळात पत्ते? गाव काय म्हणेल?" त्यांच्या बोलण्याचा मला राग आला नाही. त्यांनी जे पाहिले त्यावरून त्या बोलल्या. धान विकून हाती पैसा आला की दिवाळीच्या सुमारास पत्त्यांचे फड कसे बसतात, हे आपणांपैकी कोणाला ठाऊक नाही? रात्री दोन वाजेपर्यंत दाराची कडी न लावता वाट पाहत बसणारी बाई आपल्याच आळीतली असते. सकाळी खताचे पैसे कुठे गेले हे विचारण्याची सोय तिला नसते. पत्ते म्हटले की त्या बायांच्या डोळ्यांपुढे हे चित्र उभे राहते, आणि ते खोटे नाही. म्हणून त्या दिवशी मी वाद घातला नाही. निर्णय पुढल्या बैठकीवर गेला आहे. त्याआधी माझे म्हणणे सर्वांच्या कानांवर घालावे, एवढाच आज हेतू आहे.

माझे म्हणणे असे की, जुगार पानांत नसतो, पणात असतो. फासे तर सारीपाटालाही लागतात, आणि सारीपाट आपल्याकडे शिवपार्वती खेळतात असे आपण कथेत ऐकतो. धर्मराजाच्या हातून जे झाले ते द्रौपदीला पणाला लावल्यामुळे झाले. सरकारी कायदाही हा भेद ओळखतो. आपल्या राज्यातील जुगारबंदीचा कायदा १८८७ सालचा आहे. त्यातही निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळले आहे. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातील एका खटल्यात, रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असे म्हटले. कायद्याचे हे बोल मला माझ्या पुतण्याने वाचून दाखविले. मला स्वतःला मात्र रमीचा कैवार घ्यावयाचा नाही. का, ते पुढे सांगेन. मी ज्या खेळाची गोष्ट करणार आहे तो झब्बू.

झब्बू न खेळलेली बाई या मांडवात क्वचितच असेल. तरीही नव्या सुनांसाठी सांगते. सगळी पाने सगळ्यांना वाटून टाकावयाची. पहिल्याने एक पान खाली टाकले की प्रत्येकाने त्याच रंगाचे पान टाकावयाचे. सर्वांनी रंग पाळला तर ती पाने उलटी करून बाजूला ठेवावयाची. ती गेली, सुटलो. ज्याचे पान सर्वांत मोठे तो पुढचा डाव सुरू करतो. परंतु एखाद्याजवळ तो रंगच नसला तर तो दुसऱ्या रंगाचे कोणतेही पान टाकतो. यालाच झब्बू देणे म्हणतात. झब्बू पडला की डाव तिथेच थांबतो, आणि त्या रंगाचे सर्वांत मोठे पान ज्याने टाकले असेल त्या बिचाऱ्याला खाली पडलेली सगळी पाने उचलावी लागतात. पहिल्या फेरीला मात्र हे नाही. पहिली फेरी कशीही झाली तरी बाजूला ठेवावयाची. ज्याचा हात रिकामा झाला तो मोकळा झाला, आणि ज्याच्या हाती शेवटी पाने उरली त्याच्यावर डाव.

आता यात एक गोष्ट आपण ध्यानी घ्यावी. या खेळात जिंकणारा कोणी नाही. एकामागून एक सगळे सुटतात आणि मागे एकटा हरणारा उरतो. जुगाराला जिंकणारा लागतो. मधला ढीग उचलून घरी नेणारा एक कोणीतरी पाहिजे. इथे मधला ढीग उचलावा लागणे हीच शिक्षा! मग पैसा लावावयाचा कोणी आणि न्यावयाचा कोणी? रमीत पाने जमवावयाची असतात, तीनपत्तीत पैसे जमवावयाचे असतात. झब्बूत जमविणे म्हणजेच बुडणे. गुणही मोजावे लागत नाहीत, त्यामुळे चिंचोके लावण्याचीसुद्धा गरज पडत नाही.

दुसरी गंमत अशी की, ज्याच्याजवळ मोठी पाने अधिक, त्याची अवस्था अधिक कठीण. एक्का हाती आला म्हणून नवीन खेळणारे पोर खूष होते आणि तो जपून ठेवते. पाचव्या-सहाव्या फेरीला कोणाजवळ तो रंग शिल्लक नसतो, आणि जपलेल्या एक्क्यावर सगळा ढीग येऊन पडतो. शहाणा खेळणारा सर्वांजवळ रंग आहे तोवरच मोठी पाने काढून टाकतो आणि दुर्री-तिर्री मागे ठेवतो. सासूबाईंना हे पहिल्या दिवसापासून कळत होते. दुसऱ्यांना झब्बू देताना त्या अगदी निर्विकार चेहऱ्याने म्हणत, "घ्या, वाढून घ्या."

हा खेळ केवळ आपलाच आहे असे मात्र नाही. आपले कोहमारा चौफुलीचे गाव. नागपूरहून रायपूरकडे जाणारा महामार्ग आपल्या दारातून जातो, एका अंगाला गोंदियाचा रस्ता फुटतो, दुसऱ्या अंगाला नवेगावबांधाचा. महामार्गावरील धाब्यांवर पंजाबकडील ट्रकवाले खाटेवर बसून पत्ते खेळताना दिसतात. आमच्या घरच्यांनी एकदा विचारले तर हाच खेळ! ते त्याला 'भाभी' म्हणतात. शेवटी ज्याच्या हाती पाने उरतील तो भाभी. पुढे आमच्या ओळखीच्या एका केरळी परिचारिकाबाईंनी सांगितले की, त्यांच्याकडेही असाच खेळ आहे आणि त्याचे नाव 'कळुता', म्हणजे गाढव. आता पहा भगिनींनो, एका प्रांतात हरणाऱ्याला गाढव म्हणतात आणि दुसऱ्या प्रांतात भावजय! गाढव आणि भावजय यांना एकाच पाटावर बसविणाऱ्या पुरुषांच्या अकलेबद्दल मी अधिक बोलत नाही. आपल्याकडे निदान झब्बू तरी म्हणतात. तसे 'गाढव' नावाचा पत्त्यांचा खेळ आपल्याकडेही आहे, पण तो निराळा. त्यात चार सारखी पाने जमली की जमिनीवर हात ठेवावयाचा, आणि ज्याचा हात सर्वांत शेवटी पडेल त्याला 'गा', मग 'ढ', मग 'व'.

पत्त्यांवर जनावरे असणे हेही काही नवे नाही. पत्ते आपल्या देशात जुने. बाबराने १५२७ साली सिंधकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, असे माझ्या वाचनात आले. अकबराच्या दरबारी १४४ पानांचा संच होता. त्याचे १२ रंग. त्यांत घोड्यांचा एक, हत्तींचा एक, सापांचा एक आणि रानातील जनावरांचा एक. आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफा तर नागपूरच्या प्रदर्शनात मी स्वतः पाहिल्या. वाटोळी पाने, लाखेचा रंग, दहा अवतारांची बारा-बारा मिळून १२० पाने, आणि त्यांत मत्स्य, कूर्म, वराह. म्हणजे देवानेही मासा, कासव आणि डुक्कर होऊन पत्त्यांवर बसावयास कमीपणा मानला नाही.

आता आमच्या घरच्या जोडाविषयी सांगते. सासरी आले तेव्हा मामाजींना राजा-राणीचे पत्ते घरात चालत नसत. त्यांच्या थोरल्या भावाने पत्त्यांच्या पायी एक बांधी गमावली होती. त्यामुळे बदाम-इस्पिक दिसले की त्यांचे डोके उठे. पोरे लहान, पावसाळ्याचे दिवस, अंगणात जाता येत नाही, आणि सगळी पडवी त्यांनी डोक्यावर घेतलेली. तेव्हा मला युक्ती सुचली. नणंदेच्या लग्नाच्या पत्रिका पुष्कळ उरल्या होत्या. सगळ्या एकसारख्या, हे महत्त्वाचे. कारण पाठ निरनिराळी असली तर लबाड पोरांना पान ओळखू येते. दोन-दोन पत्रिका भाताच्या खळीने चिकटविल्या, वर पाटा ठेवून दोन दिवस दाबल्या, मग सारख्या मापाने कापून कोपरे गोल केले. बावन्न पाने झाली. राजा-राणीच्या जागी आम्ही जनावरे काढली. चार रंगांऐवजी चार जाती केल्या: रानातले, गोठ्या-घरातले, पाण्यातले आणि पाखरे. प्रत्येकात तेरा, आणि कोपऱ्यात एक ते तेरा आकडा. वाघ ज्याच्याकडे येईल त्याने सुरुवात करावयाची.

चित्रे काढणे सोपे गेले, आकडे घालताना मात्र घरात लढाई झाली. कोण मोठा आणि कोण लहान हे ठरवावयाचे कसे? पाखरांत सारसाला वरचे स्थान मिळाले, त्यावर वाद झाला नाही. उडणाऱ्या पाखरांत जगात सर्वांत उंच असलेले हे पाखरू आपल्या गोंदियाच्या धानाच्या बांध्यांत जोडीने फिरते, ही आपणांस भूषणाची गोष्ट आहे. पाण्यात मगर वर, तिच्याखाली कासव, मग मरळ, कतला, रोहू, मांगूर असे करत झिंग्यापर्यंत आलो. गोठ्यात बैल मोठा की हल्या, यावर दोन दिवस गेले. शेवटी पोळा बैलाचा असतो म्हणून बैल वर गेला.

खरी अडचण रानात आली. आतापर्यंत दूर बसून ऐकणारे मामाजी या वेळी उठून जवळ आले. पोरांनी रानडुकराला चौथा आकडा दिला होता. मामाजी म्हणाले, "डुकराला चार? अरे, वाघाने आजवर माझी एक काडी मोडली नाही. डुकराने एका रात्रीत अर्धी बांधी लोळवली. त्याला बारा द्या." पोरे म्हणाली, आजोबा, बिबट त्याला खातो. मामाजी म्हणाले, "बिबट पिल्लू खातो. मोठ्या डुकरापुढे उभा राहील का, विचार त्याला." मग रानकुत्र्यांचे निघाले. एकटा रानकुत्रा तो काय, पण टोळी जमली की वाघसुद्धा शिकार सोडून बाजूला होतो, असे त्यांनी सांगितले. असे करता करता ज्या माणसाने पत्त्यांना हात न लावण्याचा नेम केला होता, तो माणूस चष्मा लावून अस्वलाच्या छातीवरील पांढरी खूण बरोबर निघाली की नाही हे पाहत बसला. नवेगावच्या रानात लाकडाला जाताना, मोह वेचताना त्यांनी जे जनावर जसे पाहिले तसे सांगितले. ते सगळे पोरांना त्या पानांमुळे ऐकावयास मिळाले. एरवी कोण विचारते आजोबांना, की भेकर कसे ओरडते?

त्या दिवसापासून आमच्या घरी पत्ते चालू झाले. मामाजी अखेरपर्यंत त्यांना पत्ते म्हणत नसत. "जनावरे काढा" म्हणत.

पुढे २०२१ साली ओडिशा-छत्तीसगडकडील रानहत्तींचा कळप गडचिरोलीत आला आणि २०२२ साली आपल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात शिरला. धानाच्या बांध्या तुडविल्या गेल्या. गावोगावी रात्री जागरणे झाली. आमच्या घरीही त्या दिवसांत दुसरे बोलणे नव्हते. तेव्हा धाकटी म्हणाली, आपल्या रानात हत्ती नाही, तो घातला पाहिजे. मोठा म्हणाला, तो आपला नाही, पाहुणा आहे. धाकटी म्हणाली, वाघही कुठे सगळे इथले आहेत? तिचेही खरेच निघाले, कारण पुढे २०२३ च्या मे महिन्यात ब्रह्मपुरीकडील दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या गेल्या. असो. हत्तीला तेरावे स्थान मिळाले, वाघ बारावर उतरला. मग एक जनावर वाढले. सर्वांत खालची खार काढावी, तर धाकटी रडू लागली. म्हणून खारीला घरातल्या जातीत घेतले आणि तिथला उंदीर काढला. उंदरासाठी कोणीही रडले नाही. आता सुरुवात हत्तीवाला करतो.

भगिनींनो, या खेळाने आमच्या घरात आणखी एक झाले, ते सांगितल्याशिवाय माझे भाषण पुरे होणार नाही. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंपुढे मी खाली बसत नसे. दारात उभी राहूनच बोलणे. त्या मनाने वाईट नव्हत्या, पण रीत तशी होती. पत्ते सुरू झाले तेव्हा चौथा गडी कमी पडे, म्हणून पोरांनीच मला ओढून बसविले. सासूबाई समोर, मी इकडे. पहिल्या दोन-तीन दिवसांत माझ्याजवळ पाण्यातले एकही पान नसताना मी इतरांवर झब्बू देई, पण ढीग सासूबाईंवर जाईल असे दिसले की हात थबके. त्यांच्या ते ध्यानात आले. त्या म्हणाल्या, "तुला रंग नाही ना? मग टाक. मला फुकट सोडू नकोस, मला खेळाची मजा येत नाही." मी पान टाकले. त्यांनी सगळी पाने उचलली, एकेक करून नीट लावली आणि पुढच्याच फेरीला मला चीत केले.

त्या काळी आमच्या घरी हरणाऱ्याने गाढवासारखे ओरडावे असा पोरांचा नियम होता. एका रात्री सासूबाईंवर डाव आला. धाकटी टाळ्या पिटून ओरडली, "आजी गाढव, आजी गाढव!" सगळे गप्प झाले. मी पोरीला डोळ्यांनी दाबू लागले. आमच्या घरी वडील माणसाला असे बोलणे कोणी ऐकले नव्हते. सासूबाईंनी पदर सावरला, भिंतीला टेकून बसल्या, आणि असा काही आवाज काढला की शेजारच्या बाई काय झाले म्हणून दारात आल्या. त्या हसण्यानंतर मी त्यांच्यासमोर कधी उभी राहून बोलले नाही. शेजारी बसूनच बोलले. गाढवाचा नियम मात्र सासूबाईंनीच बदलला. त्या म्हणाल्या, मी ओरडेन, पण बाहेरच्या पोराला ओरडावयास लावू नका, एखाद्याला लागते. तेव्हापासून हरणाऱ्याने सर्वांना पाणी द्यावयाचे आणि पुढली पाने पिसावयाची.

आता रमीविषयी. माझ्या माहेरच्या नात्यातील एक मुलगा. शिकलेला, नोकरीला लागलेला. घरात पत्ते नव्हतेच. ते घर सोवळे. परंतु मोबाईलमध्ये रमी होती. आधी दहा रुपये, मग शंभर, मग पगार, मग आईचे डोरले. घरच्यांना वर्षभर कळले नाही, कारण तो कुठे फडावर जात नव्हता. खोलीत एकटा पांघरूण घेऊन पडलेला असे. आई समजे, पोरगा दमला आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या अशा ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, ते फार चांगले झाले. त्याच्या आईचे डोरले मात्र आलेले नाही. मला जे म्हणावयाचे आहे ते एवढेच की, त्या खेळात त्याच्यासमोर कोणी बसलेले नव्हते. "पोरा, आता पुरे, जेवायला ऊठ" म्हणणारे कोणी नव्हते. पडवीतल्या झब्बूत चार माणसे तोंडासमोर असतात, कंदिलाची वात खाली जाते किंवा वीज जाते, गाय हंबरते, भात उतू जातो, आणि डाव मोडतो. आम्ही आमच्या पोरांना पत्त्यांपासून दूर ठेवले या समाधानात त्या घराने रात्री काढल्या.

म्हणून माझी मंडळाला विनंती आहे की, शनिवारच्या कार्यक्रमात झब्बूला जागा द्यावी. वडील बायांची शंका राहू नये म्हणून दोन अटी मीच सुचविते. एक, पैसा, वस्तू, चिंचोका, काहीही लावावयाचे नाही. दुसरी, मुलाबाळांना व सासवांना सोबत आणावयाचे. सून एकटी आली तर तिने सासूला आणावयास परत जावे! कोणाला राजा-राणीचे पत्ते नकोसे वाटले तर जनावरांचे आहेतच. ते तयार करावयास फार खर्च नाही. पत्रिका प्रत्येकीच्या घरी पडून असतात. चित्रे सुरेख आली नाहीत तरी हरकत नाही. आमच्या जोडातील अस्वल मांजरासारखे दिसते, पण पोरांना ते अस्वल म्हणूनच पाठ आहे. रोवणीच्या दिवसांत कोणाला सवड नसते हे मी जाणते. तेव्हा रोवणी आटोपल्यावर सुरुवात केली तरी चालेल.

नवीन काढलेले दोन जोड मी आज पिशवीतून आणले आहेत. एकावर आकडे मोठे घातले आहेत, ते चष्मेवाल्यांसाठी. हळदीकुंकू आणि चहा झाल्यावर मागच्या सतरंजीवर एक डाव मांडू. ज्या वडील बायांनी हरकत घेतली होती त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की, त्यांनी न खेळता नुसते शेजारी बसावे आणि रानडुकराला कोणता आकडा योग्य, ते आम्हांला सांगावे. आमच्या घरी अजून त्यावर एकमत झालेले नाही.